पाहुण्यांचा हंगाम

डिंगल, २० एप्रिल

ती. गोबनेटताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण लगेच भांडणावर येतो, म्हणून लिहिते आहे. आमच्या हिवाळी घराचा करार एक मे रोजी संपतो. मालकीणबाईंनी पडदे बदलायला काढले तेव्हाच ओळखलं, की पाहुण्यांचा हंगाम आला आणि आमचं बिऱ्हाड उठलं. दर उन्हाळा ज्या कारवानमध्ये, त्या चाकांवरच्या खोलीत, काढायचो, तीही यंदा पर्यटकांना गेली. कॅफेत दिवसभर ज्यांना हसून मासे वाढते, त्यांच्यासाठीच घर रिकामं करायचं!

ताई, आईच्या घरात तू पाहुण्यांना भाड्याने देतेस त्यांतली एक खोली आम्हा मायलेकींना सप्टेंबरपर्यंत देशील? स्वयंपाकघरावरची चालेल. ज्या पलंगावर मला गोवर निघाला, त्यावर कोण कुठले म्युनिकचे लोक लोळतात या विचाराने माझा नुसता जळफळाट होतो. आईला नमस्कार. कीवा आजीची फार आठवण काढते.

लोभ आहे तेवढा तरी टिकव.
तुझी नोरीन

व्हेंट्री, २६ एप्रिल

चि. नोरीनस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, जळफळाटासकट. सगळ्या खोल्या सप्टेंबरपर्यंत दिल्या आहेत. छपराचं कर्ज मी फेडते, तू नाही. मे लागला की आई आणि मी स्वतःच परसातल्या पत्र्याच्या खोलीत झोपतो, हे तुला ठाऊक आहे.

जिल्ह्याच्या काउन्सिलकडे नाव नोंदव. बेघर कुटुंबांना ते हॉटेलात ठेवतात म्हणे. नशीब लागतं बाई! मी इतकी वर्षं लोकांच्या चादरी बदलते आहे, पण हॉटेलच्या चादरीत एकदाही झोपले नाही. तू लहानपणापासून अशीच, रडलीस की ताट पुढे. मी पाव भाजला तरी आई अर्धा बाजूला काढते, का तर नोरीनला आवडतो.

राग आलाच तर तोही लिहून कळव.
गोबनेट

किलार्नी, १४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो, हॉटेल मिळालं. मागच्या दाराने यायचं, लॉबीत बसायचं नाही, खोलीत शिजवायचं नाही, कोणाला बोलवायचं नाही. पुढच्या जिन्यावरून पाहुण्यांची मुलं धावतात, कीवा दाराच्या फटीतून बघते. काल तिने विचारलं, की आपण पाहुणे कधी होणार. मला त्या पोरांचा इतका हेवा वाटला, की माझी मलाच लाज वाटली.

आता घोड्यांच्या शर्यतींसाठी हॉटेल भरलं आहे, म्हणून शुक्रवारपासून तीन रात्री आम्ही बाहेर. मॅनेजरबाईंनी अगदी गोड शब्दांत सांगितलं. काउन्सिलकडे दुसरी सोय नाही. कॅथेड्रलमागे गाडी लावून झोपावं लागेल. तेवढ्या तीन रात्री तरी येऊ का? जमिनीवर पडू.

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
नोरीन

व्हेंट्री, शनिवार, १९ जुलै

चि. नोरीनस,
आशीर्वाद.

हे पत्र किलार्नीला निघालेल्या माझ्याच पाहुण्यांच्या हाती देते आहे. त्यांना तुझ्या लाल गाडीची खूण सांगितली आहे.

तुझं पत्र आईने वाचलं. तुला काय कळवलं म्हणून विचारलं, तर मी उत्तर लिहिलंच नव्हतं. काल दुपारी तिने कोट चढवला, घोंगडी आणि पाव घेतला आणि बस पकडली. आज फोनवर सांगते काय, तर गाडीत मधे कीवाला घेऊन झोपले, अशी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती! मी जळून कोळसा झाले गं. तुझ्याकडे ना घर ना अंथरूण, तरी आई तुझ्याकडे. माझं घर भरलेलं, आणि पत्र्याच्या खोलीत मी एकटी.

स्वयंपाकघरावरची खोली आज रिकामी झाली. पुढच्या पाहुण्यांना नाही म्हणून कळवलं. खोली तुमची, हिवाळ्यातसुद्धा. दयेने दिली असं समजू नकोस. तुझं पत्र वाचून दया आली नव्हती, हे खरं ते सांगते. पुढच्या पाहुण्यांना नाही म्हणायला लावलं ते हेव्यानेच.

तिघी मिळून या. पण आई माझ्याजवळ झोपेल.

गोबनेट