तसेच एक मुलगी

३ मार्च, रविवार. सकाळी ७
आजपासून शिस्त. कॉफीबरोबर पुल्ला, म्हणजे गोड पाव, बंद; वेलची घातलेला असला तरी. रोज पाच किलोमीटर स्की. आमच्या पाहकाला घराण्याचा ग्रंथ जुलैच्या कुलसंमेलनाआधी छापून हातात. चेअरमन म्हणून हे माझं शेवटचं मोठं काम. अकरा पिढ्या, कुठे खोट नाही. भाषणाचं पहिलं वाक्य तयार आहे: आपण पाइनच्या लाकडासारखे निरोगी.

पानं फार होतात म्हणून नियम केला. ज्याला मूलबाळ नाही त्याला वेगळी ओळ नाही. आईबापांच्या ओळीत 'तसेच दोन मुली' एवढं पुरे. छपाईचं बघतो तो चुलतभाऊ वेसा. त्याला लेखी कळवलं, की अपवाद करायचा नाही, चेअरमनच्या घराचाही नाही.

बायको, आइला, हिनं विचारलं, मग तुझी बहीण हिल्का कुठे? म्हटलं, 'तसेच'मध्ये. आणि आपली लेक हेनी? म्हटलं, तिच्या लग्नाला चार वर्षं झाली, पुस्तक निघेपर्यंत होईलच की. यावर तिनं भांडी घासायला घेतली. भांडी स्वच्छच होती.

सकाळी १०
बाहेर उणे अठरा. स्की उद्यापासून. पुल्ला एक. शिळा होता, टाकवेना.

१२ मार्च
हेनीचा फोन. तीन वर्षं दवाखाने झाले, आज कुठे आजाराला नाव मिळालं. पीसीओएस. पाळी महिनोन्‌महिने येत नाही, बीज वेळेवर सुटत नाही, शरीर इन्सुलिनला जुमानत नाही. म्हणून वजन, म्हणून मूल राहत नाही. पोर रडत होती. मी धीर दिला. म्हटलं, गोड कमी कर आणि जरा स्की कर. तिनं फोन ठेवला. रेंज गेली असेल.

डॉक्टर म्हणतात यात आनुवंशिकता असते. म्हणजे आइलाकडून आलं. तिच्या आईला मिशी होती. हे मी मनातल्या मनात म्हणणार होतो.

संध्याकाळी ५
आइला चार वाजल्यापासून बोललेली नाही.

१९ मार्च
औलूच्या इस्पितळात या आजारावर अभ्यास चालू आहे. हेनीनं नाव दिलं. दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची माहिती हवी आणि आईबापांचं रक्त. शेवटी विज्ञानालाही चेअरमनचीच पायरी चढावी लागली! अख्खी वंशावळ घेऊन जाणार. रक्त आइला देईल. माझ्या रक्ताची गरज नाही, मी ठणठणीत आहे. हल्ली तहान लागते ती हीटरच्या कोरड्या हवेनं.

२ एप्रिल
इस्पितळ. डॉ. राउतियो, वयानं हेनीएवढ्याच. चारशे बारा पानं टेबलावर ठेवली. कौतुकाची वाट पाहिली. त्यांनी दहा मिनिटं पानं उलटली आणि विचारलं, यातल्या बायका कुठायत? या 'तसेच दोन मुली' कोण? त्यांची पाळी कशी होती, साखर होती का, कशानं गेल्या? आम्हाला नेमक्या त्याच हव्यात, म्हणे. मी म्हटलं, पानांची अडचण होती.

मग त्यांनी विचारलं, घरात तिशीआधी टक्कल पडलेले पुरुष आहेत का? मी म्हटलं, नाहीत. हेनी म्हणाली, बाबा, टोपी काढ. म्हटलं, गार आहे. ती म्हणाली, खोलीत तेवीस डिग्री आहे, आणि तिनंच ओढली. माझं टक्कल आनुवंशिक नाही, सैन्यातल्या हेल्मेटनं पडलं. सव्विसाव्या वर्षी.

डॉक्टरीणबाई समजावत होत्या, की हे एका जीनचं काम नाही. अनेक छोटे छोटे जीन, आईकडून येतात तसे बापाकडूनही. पुरुषात त्याची खूण म्हणजे साखर, लवकरचं टक्कल, असं असू शकतं. 'शकतं' हा शब्द मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

हेनी गाडीत एकदाच बोलली. म्हणाली, दोष कुणाचा ते नकोय मला बाबा, पुढे माझं काय होणार ते कळायला हवंय. मी रेडिओ लावला.

१० एप्रिल
चर्चच्या जुन्या नोंदी चाळल्या. आइलाची बाजू उघडी पाडायचीच. तिच्या आईला सात मुलं. मावशांना पाच, सहा, नऊ. नोंदी विश्वासार्ह वाटत नाहीत.

आमच्याकडे 'तसेच'वाल्या तेरा. त्यातल्या चार साखरेनं गेल्या. त्या काळी लापशी फार खात.

पुल्ला दोन. मानसिक ताण.

२१ एप्रिल, ईस्टर
हिल्काकडे ईस्टरची काळी खीर घेऊन गेलो. शास्त्रासाठी. ती पोस्टातून रिटायर झाली, एकटी असते. विचारलं, तुझी पाळी नियमित होती का? ती म्हणाली, चाळीस वर्षांनी सुचलं का रे तुला, चेअरमन?

बिस्किटांच्या डब्यातून तिनं खिशात मावणारी जुनी कॅलेंडरं काढली. वर्षाला तीन-चार लाल फुल्या. म्हणाली, औलूला डॉक्टरकडे घेऊन चल म्हणून तुझ्या पाया पडले होते, तुला गवत कापायचं होतं. मग नवरा सोडून गेला, एर्की. आणि तू सगळ्यांसमोर, कॉफीच्या टेबलावर म्हणालास, बियाणं चांगलं असून काय उपयोग, जमीनच नापीक.

मला आठवत नाही, असं तिला सांगितलं.

इथे लिहायला हरकत नाही. आठवतं. लोक हसलेही होते.

निघताना म्हणाली, हेनीसाठी रक्त देऊन आलेय मी. कॅलेंडरंही दाखवली. तू दिलंस का?

२४ एप्रिल
रक्त दिलं. चक्कर आली नाही, नुसता बसलो.

१४ मे
रिपोर्ट. मला डायबेटिस आहे म्हणे, बरीच वर्षं असावा. मशीन बिघडलं असणार. पुन्हा तपासलं. दुसरंही बिघडलेलं.

डॉ. राउतियोंनी गोळी दिली. हेनीनं चिठ्ठी पाहिली, पर्समधून आपली डबी काढली आणि टेबलावर ठेवली. तीच गोळी. तिला बीज सुटावं म्हणून, मला साखरेसाठी.  

निश्चय: नियम रद्द. तेराही जणींची नावं, हिल्काची, हेनीची. उद्या वेसाला फोन.

२० मे
बर्फ वितळलं, बोटीला रंग. फोन उद्या.

१० जून
वेसाला फोन केला. तो मासे धरायला गेलाय. निरोप ठेवला नाही, असं नाजूक बोलणं मशीनवर बरं नाही. प्रूफात बदल पंधरा तारखेपर्यंत चालतात. गुरुवारी नक्की.

१८ जून
वेसाचा फोन. ग्रंथ छापायला गेला. अभिनंदन, म्हणाला. मी थँक्यू म्हणालो. हेनीला सांगायला हवं. संमेलनाआधी सांगतो.

१३ जुलै, संमेलन. दुपारी २
सांगितलं नाही.

गावच्या हॉलवर घराण्याचा झेंडा, कॉफीला ही मोठी रांग. खोकी उघडली. हेनी रांगेतच पान शोधत होती. माझ्या लक्षात आलं, तोवर तिला सापडलंही होतं. पान ३८८: ताइस्तो पाहकाला, चेअरमन. पत्नी आइला. तसेच एक मुलगी.

वेसा छाती काढून सगळ्यांना सांगत होता, की नियम म्हणजे नियम, चेअरमनच्या घरालाही सोडलं नाही, त्याचाच हुकूम.

हेनी रडली नाही. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. म्हणाली, बाबा, तुझं एक पान वाचलं की.

आणि गेली. भाषण खिशातच राहिलं. तब्येतीचं कारण सांगितलं. ते खरं निघालं.

१४ जुलै
तीनशे प्रती गॅरेजमध्ये. वाटप थांबवलं. प्रत्येक प्रतीत हातानं नावं लिहिणार. पंधरा नावं, तीनशे वेळा. पुढच्या रविवारपर्यंत पूर्ण.

१६ जुलै
अकरा प्रती झाल्या. हात भरून आला.

हेनीला फोन केला. ती सरळ म्हणाली, आज साखर किती? म्हटलं, नॉर्मल. मग म्हटलं, तेरा, हवी त्याच्या दुप्पट. मग, तिनं विचारलंही नव्हतं तरी, म्हटलं, हे आमच्याकडून आलंय हेनी, माझ्या बाजूनं, आणि मला हे एप्रिलपासून माहीत होतं. तिनं फोन ठेवला नाही. या वेळी रेंज नीट होती. मग म्हणाली, गोळी जेवल्यावर घे, नाहीतर पोट बिघडतं.

१९ जुलै
हिल्का पेन घेऊन आली. पाठोपाठ हेनीही. आइलानं टेबल गॅरेजमध्ये मांडलं.  आइला नावं वाचत होती, आम्ही लिहीत होतो.

हिल्कानं स्वतःची प्रत मागून घेतली. आमच्या आईबापांचं पान काढलं. तिथे माझं नाव ठळक, फोटोसकट. तिनं पट्टी लावून त्यावर रेघ मारली आणि पोस्टातल्या सुवाच्य अक्षरात खाली लिहिलं: हिल्का. तसेच एक मुलगा.

हेनीनं वाकून वाचलं आणि हसली. मार्चनंतर पहिल्यांदा.

मग हिल्कानं दुरुस्तीखाली सही मागितली. चेअरमनची लागते, नियम आहे, म्हणाली. मी केली.