पेन्सिलीच्या खुणांवरची शाई

सर, आपल्याला मराठी येत नव्हते आणि आपल्याशी मी नेहमी इंग्रजीतच बोललो, तेही सरकारी टिपणात शोभेल अशा इंग्रजीत. आज मराठीत लिहितो आहे, कारण आपल्याला जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आणि भाषेची अडचण आता उरलेली नाही. गेल्या फाल्गुनात माझी पत्नी वारली. आपली ती विद्यार्थिनी, जी माझ्या आधी दोन वर्षे आपल्याकडे येत होती आणि जिच्या शेजारी आपण मला पहिल्यांदा उभे केलेत. "ही पहिले व्हायोलिन, तुम्ही दुसरे," असे आपण म्हणालात. लग्नानंतरही आमच्या घरात तीच वाटणी कायम राहिली.

दिल्लीत मंडी हाऊसजवळची आपली ती खोली मला स्पष्ट दिसते. कूलर घरघरतो आहे, आणि कार्यालयातून थेट आलेला मी, खिशाला शाईचे पेन लावून उभा आहे. दोघांनी एकत्र वाजवण्यापूर्वी गज कुठे खाली ओढायचा, कुठे वर न्यायचा, हे पहिल्या व्हायोलिनने ठरवायचे आणि दुसऱ्याने आपल्या पानावर उतरवून घ्यायचे, हा आपल्या वर्गाचा रिवाज. मी त्या खुणा पेनने करू लागलो. आपण गजाच्या टोकाने माझ्या पानावर टकटक केलेत. "बाबूजी, ये फाइल नहीं है!" आणि पुढे इंग्रजीत, "पेन्सिल घ्या. तुमच्यानंतर कोणी वाजवेल, त्याचा हात वेगळा असेल." माझ्या शेजारून ती लगेच म्हणाली, "सर, इनका बस चले तो नीचे दस्तखत भी कर दें." आपण इतके हसलात की त्या दिवशीचा वर्ग तिथेच संपला. मला राग आला होता. पुढच्या आठवड्यात तिने माझ्यासाठी टोक काढलेली पेन्सिल आणली.

आपल्याविषयी आम्हाला थोडेच ठाऊक होते. इटलीच्या उत्तरेकडील एका गावात शिंप्याच्या घरी जन्म, संगीतशाळा, ऑपेराच्या वाद्यवृंदात मागच्या रांगेतली काही वर्षे, आणि मग चौघांचा तो संच, ज्यात आपण दुसरे व्हायोलिन वाजवत युरोपभर फिरलात. पहिले व्हायोलिन वाजवणारे आपले मित्र वारले, संच मोडला. आपण तीन महिन्यांच्या वर्गासाठी दिल्लीला आलात आणि शेवटपर्यंत इथेच शिकवत राहिलात. आपण स्वतः कार्यक्रम का करत नाही, असे मी एकदा अतिशय औपचारिकपणे विचारले होते. "दुसऱ्या व्हायोलिनचा भाग घरी न्या आणि एकट्याने वाजवून पाहा," एवढेच आपण म्हणालात. तो अभ्यास मी तेव्हा केला नाही. आता गुरुग्रामच्या या चौदाव्या मजल्यावर रोज सकाळी साडेदहाला करतो. चार मात्रा वाजवायच्या, मग आठ मात्रा थांबून मनात मोजायच्या. त्या आठ मात्रा तिच्या असत. शेजारच्या बाई लिफ्टमध्ये विचारतात, "अंकलजी, बीच-बीच में रुक क्यों जाते हैं? भूल जाते हैं क्या?" मी म्हणतो, "जी, उमर हो गई."

मागच्या रविवारी माझ्या पत्नीकडे व्हायोलिन शिकलेली एक मुलगी आली. मूळची नागपूरची, इथे एका कंपनीत नोकरीला. आम्ही दोघे वाजवत असू तीच रचना तिला माझ्यासोबत वाजवायची होती. मी पत्नीची पाने तिच्यासमोर ठेवली. दुसऱ्याच ओळीत ती थांबली.

"काका, इथे गज वर न्यायचा? मला बिल्कुल जमत नाहीये हो. खोडू का?"

तिने रबर फिरवले, पुन्हा फिरवले, आणि पान खिडकीकडे धरून पाहिले. "हे तर पेनने आहे! मॅम कधी पेन वापरायच्याच नाहीत. आम्हाला किती ओरडायच्या!"

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बसून मी पत्नीच्या पेन्सिलीच्या प्रत्येक खुणेवर शाई फिरवली होती, हे मला सांगावे लागले.

"अच्छा," ती म्हणाली आणि तिने रबर बाजूला ठेवले. मग म्हणाली, "चलो, मग त्यांच्यासारखंच वाजवते. सांगा ना काका, मॅम इथे कसं वाजवायच्या? हलकं, की दाबून?"

मी म्हणालो की माझा खांदा दुखतो आहे, पुढच्या रविवारी पाहू.

माझा खांदा ठणठणीत आहे, सर. पस्तीस वर्षे मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि माझी सुरुवात चुकू नये म्हणून एक, दोन, तीन, चार असे मोजत राहिलो. ती वाजवत असताना मी मोजत होतो. तिचा गज कुठे वर जाई हे त्या पानांवर आहे. त्यातून काय ऐकू येई, हे मला आठवत नाही. ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात हे माझ्या लक्षात आले आणि मग जे हाताशी होते, ते मी पक्के करून टाकले.

उद्या ती मुलगी चार वाजता येईल. तिच्यासाठी पहिल्या व्हायोलिनच्या भागाची कोरी प्रत मागवून ठेवली आहे. ती पुन्हा तेच विचारेल आणि मला ठाऊक नाही, असे मी तिला सांगणार आहे. हे पत्र कोठेही जाणार नाही. ते वाक्य तिच्यापुढे उच्चारण्याआधी एकदा कोणाला तरी सांगून पाहायचे होते, आणि घरात कोणी नाही.