ऱ्हाईनची बोट आणि आईची संकष्टी

मंगळवार, माउंट रॉस्किल

ऱ्हाईन नदीवरच्या क्रूझची तिकिटं आली! आई पुण्याहून, मी इथून, थेट जर्मनीत भेटणार. आज फार्मसीत दिवसभर लक्षच नव्हतं माझं. पण बुक करताना दिनदर्शिका बघायची राहिली. ज्या दिवशी द्राक्षमळ्यात वाइन चाखायला नेणार, नेमकी त्याच दिवशी संकष्टी. त्यात आईला मी नुसती 'नदीतली सहल' एवढंच सांगितलेलं, वाइनचं नावही काढलेलं नाही. संकष्टी कशी विसरले मी? ती येतच नाही म्हणाली तर?

शेवटी संध्याकाळी फोन करून सगळं सांगून टाकलं. आई म्हणाली, "तिथला चंद्रोदय किती वाजता ते बघ. माझ्या वाटणीची वाइन तोवर झाकून ठेव."