जमनाची उद्याची शर्यत

शनिवार, संध्याकाळ. लिंबायत

खेळाचे सर म्हणाले, "जमना पहिली आली तरी राज्याच्या संघात घेता येणार नाही. नागरिकत्व कुठंय तिला?" आणि शर्यत उद्या! सिंधहून आलेल्या या पोरीला धावायला मीच लावलं. आता तिच्या घरी कोण सांगणार?

गेलेच. तिची आई उसवलेल्या बुटाला टाके घालत होती. त्या बुटाकडे बघतच कसंबसं सांगितलं.

"मालूम है, दीदी."

"मग?"

"दौड़ेगी. वहाँ से निकले तब भी सब बोले थे, कोई नहीं लेगा. जीतेगी तो ना बोलनेवाले को शरम तो आएगी!"

पुन्हा टाके. जमना आत झोपली होती. तिला हे माहीत आहे का? विचारायचं धाडसच झालं नाही.