बिनशेगडीचा पाहुणचार

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार म्हणणार होतो, पण कंबर धरली आहे, तेव्हा या खेपेला सात अंगांनी नमस्कार; आठवं अंग बरं झालं की मागाहून पाठवतो. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिवसातून दोनदा चालायला सांगितलंय ते तू खरोखर चालतेस, की चालले म्हणून सांगतेस? (मला फसवू नकोस. लहानपणी कडू औषध खिडकीबाहेर टाकणारी तू आणि त्यापायी धपाटे खाणारा मी, हे मी विसरलेलो नाही.) मी ठीक आहे. ठीक म्हणजे काय, मी सुटलोय, ताई. गेल्या रविवारी सुटलो आणि तेव्हापासून कोण भेटेल त्याला सांगतोय. पोस्टमनला दोनदा सांगून झालं. आता तो पत्रं फाटकातूनच आत टाकतो. तेव्हा तू राहिलीस, आता निवांत बसून ऐक.

ते बटाट्यांचं प्रकरण तुला माहीत आहे, पण माझ्या मुलाच्या तोंडून, म्हणजे तिप्पट करून. खरं एवढंच की मी बटाटे उकडायला ठेवले आणि पुढच्या खोलीत एका बाईंचं मनगटी घड्याळ उघडून बसलो. (दुकान बंद करून सहा वर्षं झाली, पण घड्याळं ऐकत नाहीत, घर शोधत येतात.) पाणी आटलं, बटाटे जळले, पातेल्याचं बूड गेलं. शेजारच्या नर्सबाई धूर बघून मागच्या दाराने आत आल्या, तेव्हा मी केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून बसलो होतो आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. पडदा थोडासा जळला. मुलगा म्हणतो अख्खा. त्याच दिवशी तो आला, माझ्याशी एक शब्द न बोलता शेगडी उचलली, गाडीच्या डिकीत घातली आणि घेऊन गेला. ओट्यावर चार पायांचे डाग तेवढे राहिले. दात काढल्यावर तोंड दिसतं तसा तो ओटा दिसत होता. (हे मी सूनबाईंना बोलून दाखवलं. त्या दातांच्या डॉक्टर. त्यांना ते आवडलं नाही.)

मग जेवणाचा डबा सुरू झाला आणि त्याच्यामागून मुलाचं टुमणं सुरू झालं, की बाबा, आता आमच्याकडे चला. तो वाईट मनाने म्हणत नव्हता, हे मलाही कळतं. पण तिथे जाऊन मी करू काय? त्यांची ती खोली मी पाहिली आहे. पलंग, कपाट आणि खिडकीतून दिसणारी दुसऱ्यांची खिडकी. या घरात मी एकेचाळीस वर्षं काढली. ही गेली तीसुद्धा याच घरातून. इथे अंधारातही कुठली फरशी हलते ते माझ्या पायांना माहीत आहे. मला हे घर सोडायचं नव्हतं. हसू नकोस, एकदा मी मोरीत नळ सोडून रडलोसुद्धा. शेवटी मुलाने तोड काढली. आपलं सगळ्यांचं वर्षाचं जेवण यंदा माझ्याकडे होतं ना, त्या दिवशी काय ते ठरवू म्हणाला. ज्याच्या घरी जेवण त्याने आल्याआल्या तोंडात टाकायला काहीतरी करायचं आणि बाकीचं इतरांनी आणायचं, हा आपला जुना नियम. ते ‘काहीतरी’ मी कुणाच्या मदतीशिवाय, काही न जाळता, काही न सांडता केलं, तर मी इथेच राहणार आणि शेगडी परत. काही गडबड झाली तर त्याच संध्याकाळी बॅग भरायची. शेगडी नाही आणि चौदा माणसांना खायला घालायचं! आणि हा माझाच मुलगा, बरं का.

नर्सबाईंना मी कुंपणावरून ही अट सांगितली. त्यांनी डोळे मिटले (त्या इंजेक्शन देतानाही असंच करतात म्हणे) आणि म्हणाल्या, फळं भरा. म्हणजे फळ पोखरायचं, आत मऊ चीज नाहीतर घट्ट दही भरायचं, वर सुका मेवा टोचायचा आणि ताटात मांडायचं. जाळ नको, भट्टी नको, सुरी आणि चमचा पुरे. लहान मुलांनाही जमतं, असंही म्हणाल्या. ते नसतं म्हटलं तरी चाललं असतं. मी लगेच सरावाला बसलो. पहिल्या दिवशी केळं घेतलं. केळं पोखरता येत नाही, ताई, ते तुझ्याकडे बघून हातातच बसकण मारतं. दुसऱ्या दिवशी द्राक्षं घेतली. डोळ्याला भिंग लावून, बारीक चिमट्याने बी काढून, सलाइनच्या सुईने आत दही भरलं. (सुई नर्सबाईंचीच, नवी, कोरी.) द्राक्षं इतकी देखणी झाली की काय सांगू. तीन तासांत अकरा झाली. चौदा माणसांना प्रत्येकी चार धरली तर मला मागच्या आठवड्यापासून सुरुवात करायला हवी होती. नर्सबाईंनी येऊन ती अकराच्या अकरा उभ्या उभ्या खाल्ली आणि म्हणाल्या, खजूर घ्या आणि स्ट्रॉबेरी घ्या, मोठं छिद्र पाडा, घड्याळ समजू नका.

रविवारी सकाळी सहालाच मी बसलो. टेबलावर पांढरं कापड, त्यावर माझे कप्प्यांचे ट्रे, कडेला चिमटे ओळीने. आधी स्ट्रॉबेरी घेतल्या. देठाकडून टोपी कापायची, आतून पोखरायचं, साखर घातलेलं दही भरायचं आणि टोपी परत बसवायची. काढली ती बसवली, काढली ती बसवली. चाळीस झाल्या तेव्हा मला वाटलं, उगीच आयुष्यभर घड्याळं केली. मग साठ खजूर. वाण्याने बिनबियांचं पाकीट पुढे केलं होतं, ते मी नाकारलं. (यंत्राने काढलेली बी अर्धी आतच राहते. मी यंत्रं ओळखतो.) एका बाजूने उभी चीर दिली, बी काढली, पाण्यात धुतली, पुसली आणि ट्रेमध्ये ठेवली. चीजमध्ये संत्र्याची साल किसून घातली, चमचाभर मध, चिमूटभर मीठ. भरले, मिटले, वर पिस्त्याचा चुरा. अकराच्या ठोक्याला काम संपलं. मी टेबलाकडे बघितलं तर टेबल लख्ख. ट्रेमध्ये कणभर काही नाही. माझ्या उस्तादांचा एकच नियम होता, की उघडलेलं सगळं आत गेलं पाहिजे आणि काम संपल्यावर टेबलावर काही उरता कामा नये. उरलं तर गिऱ्हाईक परत येतं. ते लख्ख टेबल बघून मला इतकं समाधान वाटलं की मी आंघोळीला गेलो आणि चक्क शीळ घातली.

साडेबाराला सगळे आले. मुलाने आल्याआल्या स्वयंपाकघरात जाऊन वास घेतला. कशाचाच वास नाही. त्याला थोडं चुकल्यासारखं झालं असावं. ताटं बाहेर आली आणि काय सांगू ताई, सगळे पुढे सरकले. मामींनी तर चष्मा पुसला. त्यांची कवळी नवीकोरी, सूनबाईंनीच बसवलेली, त्यामुळे त्या सध्या सगळीकडे पुढे असतात. धाकट्याने (तुला माहीतच आहे, तीस वर्षं गाडी शिकवून त्याला कुठेही शेजारी बसून सूचना द्यायची सवय लागली आहे) खजूर उचलला, उलटसुलट केला, पार्किंग बरं केलंयस म्हणाला, तोंडात टाकला आणि मला विचारलं, की बिया कुठे ठेवल्यास, मला क्लासच्या अंगणात लावायच्या आहेत.

मी सांगायला तोंड उघडलं आणि तोंड उघडंच राहिलं. बिया कुठे ठेवल्या? डब्यात नाहीत. ट्रेमध्ये नाहीत. टेबल लख्ख! काढलेलं सगळं आत गेलं होतं. साठच्या साठ बिया, धुतलेल्या, पुसलेल्या, चीजच्या मधोमध, टोक वर करून. पुढचं मी विचार न करता केलं. एकसष्ट वर्षांच्या सख्ख्या भावाच्या तोंडात दोन बोटं घालून मी तो खजूर बाहेर काढला. तो माझ्या बोटाला चावलासुद्धा. चौदा माणसं बघत होती आणि मुलगा सगळ्यात पुढे उभा होता.

खोटं सुचलं नाही असं नाही. तीन सुचली. खजूर नासलेत, खजुरात मुंगी आहे, खजूर जेवणानंतर खायचे आहेत. ताट आत नेलं असतं, स्ट्रॉबेरी पुढे केल्या असत्या आणि हे घर वाचलं असतं. पण तेवढ्यात मामींचा हात ताटाकडे गेला होता. नासलेलं आहे म्हटलं तरी त्या बाई एक चाखून बघणार, तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. आणि ती कवळी! माझं घर राहावं म्हणून मामींची कवळी जाऊ द्यायची, एवढा काही मी वाईट नाही. मी सांगून टाकलं. म्हटलं, कुणी खाऊ नका, बिया आतच आहेत, मी काढल्या आणि मीच परत बसवल्या, चाळीस वर्षांची सवय आहे, हात थांबले नाहीत. आणि मुलाकडे बघून म्हटलं, बॅग कपाटावर आहे, तूच काढ, माझी कंबर धरली आहे.

मुलाचा चेहरा असा झाला की जिंकल्याचं वाईट वाटतंय. मग सूनबाई पुढे आल्या. त्यांनी एक खजूर उघडला आणि ती बी उजेडात धरून बघितली. ताई, मी त्यांना नेहमी कडक म्हणायचो, ते शब्द मी परत घेतो. त्या म्हणाल्या, “विसरणारा माणूस साठांतल्या दोन-चार तरी विसरला असता. यांनी एकही सोडलेली नाही.” माझ्या दवाखान्यात असं काम करणारं एक माणूस मिळालं तर मी देव पावला म्हणेन, असंही म्हणाल्या. मग बाह्या सरसावून त्यांनी माझे चिमटे मागवले. एकेकाला एकेक दिला आणि सगळे टेबलाभोवती बसले. आपल्या घरात चौदा माणसं एकत्र बसलीत आणि कुणी कुणाला बोललं नाही, असं कधी झालंय? मन लावून बिया काढत होती सगळी. मामी तर दोन हातांनी. काढायचे आणि खायचे, काढायचे आणि खायचे. वीस मिनिटांत ताट पुसून ठेवल्यासारखं झालं. बाकीच्यांनी आणलेलं जेवण नंतर कुणालाच जाईना. स्ट्रॉबेरी मऊ पडून आडव्या झाल्या होत्या, त्यांच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

जाताना मुलगा दारात घुटमळला. म्हणाला, बाबा, सोमवारी शेगडी आणून लावतो, तुम्ही राहा इथेच. माझ्या छातीवरून पोतं उतरल्यासारखं झालं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर त्यानेही एवढा मोठा श्वास सोडला की मला वाऱ्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं. म्हणजे मी त्याच्याकडे जायचं टळलं म्हणून मी जेवढा खूश, तेवढाच तोही! हे जरा लागलं. पण रात्री शांत झोप लागली, आणि सकाळी उठलो तो माझ्याच घरात.

मामींची कवळी उत्तम आहे. सगळे तुझी आठवण काढत होते, धाकटा तर बोट चोळत. चावलेलं बोट माझं, चोळत तो होता. असो, मजेत आहे. गुडघ्याला सांभाळ.

तुझा, सुटका झालेला,
मधला

ता. क. : शेगडी आली. दोन बर्नरची, नवी. मुलाने स्वतः लावून, पेटवून दाखवली.

ता. क. दुसरा : हे पत्र भाच्याला वाचायला देऊ नकोस, तो माझ्या मुलाशी फोनवर बोलतो. ताई, ते सवयीचं कारण मी तिथल्या तिथे जुळवलं. बिया काढल्याचं मला लख्ख आठवतं. परत बसवल्याचं एकही आठवत नाही. रेडिओवर हिच्या आवडीचं गाणं लागलं, त्यानंतर मी टेबलाकडे बघितलं तेव्हा अकरा वाजले होते. मधला तासभर कुठे गेला ते मला माहीत नाही. बटाट्यांच्या वेळीही असंच झालं होतं. सूनबाई म्हणाल्या ते ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं, म्हणून मी गप्प बसलो.

ता. क. तिसरा, आणि खरं तर पत्र यासाठीच : मागची खोली मी झाडून घेतली आहे. संडास जवळ आहे, पायरी एकही नाही, मी मोजून पाहिलं. भाचा सांगत होता की तू तिथे दुपारभर खिडकीशी बसून असतेस आणि विचारलं तर ‘बरी आहे’ म्हणतेस. इथे ये. मी कुणाकडे राहायला जाणार नाही म्हणालो होतो; माझ्याकडे कुणी येऊ नये असं म्हणालो नव्हतो. तुला स्वयंपाक कधीच जमला नाही, त्यासाठी बोलावत नाही. पण दूध उतू जायच्या आधी तुला तिसऱ्या खोलीत वास येतो, आणि माझा तास कुठे हरवला तर मला हाक मारणारं कुणीतरी हवंय. मुलाला हे सांगता येत नाही, तुला येतं. कधी येतेस ते कळव. शेगडी येऊन आज पाच दिवस झाले, मी तिला हात लावलेला नाही. चहा अजून नर्सबाईच कुंपणावरून देतात.