डिटेस्टची चिठ्ठी

३ जून, सकाळ
इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं ‘डी’ अक्षर जोरात चाललंय. आमच्या ऑफिसात एका शब्दाला एक चिठ्ठी: अर्थ, उगम आणि स्वतः रचलेलं एक वाक्य. आज डिटेस्ट. अर्थ, मनापासून द्वेष करणे. वाक्य लगेच सुचलं: तो आपल्या थोरल्या भावाचा द्वेष करी. नुसतं उदाहरण. दादाला जाऊन तीन महिने झाले. माझ्या मनात काहीही नाही.

४ जून
संपादकबाईंनी चिठ्ठी परत केली. उगम राहिला म्हणे. वर विचारलं, तुम्हाला दुसरे नातेवाईक नाहीत का? डार्क, डेफ, डेस्क, सगळ्या वाक्यांत भाऊच. योगायोग. उद्यापासून फक्त हवामान.

५ जून
ड्यू, म्हणजे दव. वाक्य: वरच्या खोलीच्या काचेवर दव होतं आणि आतून कोणीतरी त्यात बोट फिरवत होतं. फाडलं.
वरची खोली दादाची. वहिनी महिनाभर बहिणीकडे, खोलीला कुलूप. तरी दुपारी चारला वर चपला वाजल्या. पाइप असणार. प्लंबरला बोलावलं. तो म्हणाला, इथून पाइप जातच नाही. हल्लीच्या प्लंबरना काही येत नाही.

७ जून
उगम सापडला. लॅटिन. देवाला साक्षी ठेवून शाप देणे. अंगावर काटा आला. पंखा फास्ट होता.
अकरा वर्षांपूर्वी दादाने बाबांची पुस्तकं रद्दीत घातली. तेव्हा जेवणाच्या टेबलावर, देवाशपथ पुन्हा तुझं तोंड बघणार नाही, असं मी वहिनींदेखत बजावलं. आणि पाळलं. एका जिन्याच्या अंतरावर राहून! मार्चमध्ये वहिनी तीनदा खाली आल्या, भाऊजी, एकदा वर या म्हणाल्या. ‘सी’ची डेडलाइन होती. गेलो नाही. एवढा निग्रह कितीजणांत असतो?

८ जून, सकाळ
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण ठरलं. वहिनी आज परत येतायत. त्याच साक्षीदार. त्यांच्यासमोर शपथ मागे घ्यायची, विषय संपवायचा. पाच मिनिटांचं काम.

८ जून, संध्याकाळ
वहिनींना कुठलीच शपथ आठवेना. भांडण झालं होतं खरं, म्हणाल्या, पण ते तर तुमचे दादा दुसऱ्या दिवशी विसरले. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, धाकटा डिक्शनरी लिहितोय, म्हणून वर यायला वेळ मिळत नाही त्याला. शेवटच्या दिवशीही दादा वहिनींना म्हणाला, सारखी बोलवू नकोस, कामात असेल.
मी म्हणालो, हो वहिनी, कामातच होतो.