परतीचे साडेचार मिलिसेकंद

सोमवार, १० नोव्हेंबर

आली! माझी धाकटी जाऊ आमच्याच वीज उपकेंद्रात इंजिनिअर म्हणून हजर झाली. अकरा वर्षं तंत्रज्ञ म्हणून ज्या मल्टिप्लेक्सरची, सगळे निरोप एकाच फायबरवर चढवणाऱ्या त्या पेटीची, मी धूळ पुसली, तो साहेबांनी एका दमात तिच्या हवाली केला. "नवी इथरनेट लिंक या बघतील. तुम्ही मदत करा."

मदत! घरात एक ओटा, आता ऑफिसातही एकच टेबल.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दोन तासांत तिनं पोर्ट लावले, वेग ठरवून टाकला, टेकडीवरच्या उपकेंद्राशी लिंक जुळवली. सगळे दिवे हिरवे. हात चालतो तिचा — नाकारून काय करू?

मग लेटन्सी, म्हणजे निरोप पोचायला लागणारा वेळ, मोजली आणि बाईंचा चेहरा उतरला. निरोप जाताना ३.१ मिलिसेकंद, परतताना ७.६! हे चालत नाही. लाइनच्या दोन टोकांना पहारा देणारे रिले एकमेकांचा करंट ताडून बघतात. एका बाजूचा निरोप रेंगाळला की नसलेला बिघाड दिसतो आणि धडधाकट लाइन बंद पडते. शहरभर अंधार.

कारण मला तिथंच कळलं. गेल्या वर्षी खोदाईत केबल तुटली, तेव्हा परतीचा फायबर मीच नदीकाठच्या केंद्रातून, तिथल्या जुन्या मंद मल्टिप्लेक्सरमधून फिरवला होता. तात्पुरता. पुढं केबल सांधली, पण फायबर परत जागेवर आणायचं राहूनच गेलं. नोंदही केली नाही.

बोलले नाही. शोधू दे की! एवढी शिकलीय ना?

बुधवार, १२ नोव्हेंबर

डोकं दुखतंय सांगून रजा टाकली. दुखत नव्हतं.

जेवताना सासरे तिच्याकडून लेटन्सी समजून घेत बसले. स्वतः निवृत्त ऑपरेटर, पण अकरा वर्षांत मला कामाचं काय विचारलं? "मीठ कुठाय?" एवढंच. वर म्हणतात, "धाकटी म्हणजे हिरा आहे." मग मी काय, कोळसा?

नवरा हळूच म्हणाला, "तुला काही ठाऊक असेल तर सांग ना तिला."

मागितलं का तिनं?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

विचारलं तिनं. आम्ही दोघीच होतो.

"वहिनी, परतीच्या वाटेत मागं कधी काही बदललं होतं का?"

"नाही."

"आठवून बघा ना जरा."

"नाही म्हटलं ना!"

"बरं," म्हणाली. गेली.

खोटं बोलताना जीभ अडखळेल असं वाटलं होतं. कुठलं काय!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

साहेब चाचणीला आले. नापास. सगळ्यांसमोर तिला झापलं — "पदवी काय भिंतीवर लावायला घेतलीत?" ती मान खाली घालून उभी. 

आठवडाभर याचीच वाट बघत होते मी. वाटलं होतं, काळीज गार पडेल. नाही पडलं. उलट तिचाच राग आला. रडली का नाही? रडली असती तर पाठीवरून हात फिरवला असता, दोन घटका थोरली जाऊ झाले असते. तेवढंही दिलं नाही मला!

सोमवारी पुन्हा चाचणी. ही मेली तशीच परत उभी राहील.

शनिवार, १५ नोव्हेंबर

कुणाला न सांगता नदीकाठच्या केंद्रात गेले, जोडणी बदलायला. फायबरवर माझ्याच अक्षरातली जुनी पट्टी — 'तात्पुरते'. शेजारी नवी चिठ्ठी. अक्षर धाकटीचं. "ही जोडणी आमच्या वहिनींची आहे. त्यांना विचारल्याशिवाय कुणी हात लावू नये."

खाली तारीख. बुधवारची! आणि मला तिनं विचारलं गुरुवारी.

जोडणी बदलली. परतताना आता ३.२. साहेबांना तिथूनच फोन लावला, चूक माझी म्हणून सांगितलं. धाकटीला लावायचं धाडस अजून होत नाही.